शेजारी बसवू की पुसून टाकू

हर्षाली, भावाची मुलगी, पेनड्राइव्ह गळ्यात अडकवून आली.
कोपरखैरण्याच्या दुकानात तेव्हा
झेरॉक्स मशीन गरम धुरळा ओकत होतं
आणि दारात दोघं भाडेकरार घेऊन ताटकळलेले.
"आत्या, तुझा कॉम्प्युटर म्हातारा नाही गं,
त्याच्या अंगावरचं ओझं म्हातारं झालंय."

तिनं पेनड्राइव्ह खोचला.
काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळाल्या,
मग एक प्रश्न येऊन थांबला.
तिनं मला तो मराठीत सांगितला:
सगळं पुसून टाकू, की शेजारी बसवू?

शेजारी, म्हणाले. पटकन म्हणाले.
आत चौदा वर्षांची प्रतिज्ञापत्रं आहेत,
नावात बदल, रेशनकार्डातून नाव कमी,
मयताच्या नावचा गॅस त्याच्या बायकोच्या नावावर,
आणि एक हक्कसोड पत्र, मीच टाइप केलेलं,
माझं.

"मग वाटणी करावी लागेल."
पडद्यावर लांब पट्टी, मधे सरकता दांडा.
"नव्याला किती देऊ?"
साडेबारा टक्के.
ती हसली. घणसोलीत वाढलेली पोर, तिला कळतं हे.
शेतं गेली, खाडीकाठचं मिठागर गेलं,
परत आले ते साडेबारा टक्के,
त्यावर दादूसची चार मजली इमारत,
खाली मोबाइलचं दुकान, गच्चीवर काळ्या टाक्या.
मी सही केली तेव्हा दादूसनं साडी दिली होती.
चांगली होती साडी. अजून नेसते.

हर्षाली दांडा सरकवत राहिली.
पाव. थोडं पुढे. मधोमध.
"अर्धं," म्हणाली.
वर पाहिलं नाही.

तासाभरात नवी उघडली, हलकी,
अजून एकही खिळा न ठोकलेल्या खोलीसारखी.
मी तिच्यातून पलीकडची फाइल उघडून पाहिली.
माझ्या नावात डॉलर घुसला होता,
वेलांट्या कंसात जाऊन बसल्या होत्या,
आणि "स्वखुशीने" लिहिलं होतं तिथे
टोपी घातलेली दोन परकी अक्षरं
आणि एक प्रश्नचिन्ह.
"जुना फाँट आहे आत्या, इथे नाही लागत.
वाचायचं तर पलीकडे जाऊन वाच."
मी गेले नाही.
प्रश्नचिन्हावर कर्सर लुकलुकत होता, तो बघत बसले,
भाडेकरारवाले कंटाळून समोर चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी दहाला जुनी सुरू केली
तर कोपऱ्यातलं घड्याळ म्हणालं, साडेचार.
साडेपाच तास मागे.
वास्कर काका स्टँप पेपरची सुरळी करत उभे,
आणि मला दिसली
साडेचारच्या अंधारात बेलापूर रोडला
टेम्पोची वाट बघणारी आई,
पाटीत निवट्या अजून हलतायत,
पदरावर खाडीचा चिखल वाळलेला.
तिनं कुठेच सही केली नव्हती.
तिला कुणी विचारलंच नव्हतं.

फोन केला. हर्षाली म्हणाली,
"दोघी एकाच घड्याळाकडे बघतात गं.
एकीला वाटतं ही इथली वेळ, दुसरीला वाटतं सातासमुद्रापारची.
एक ओळ टाकते, मिटेल भांडण."
संध्याकाळी आली, ओळ टाकली, मिटलं.
एका ओळीत.
येताना दादूसनं दिलेला सुक्या जवळ्याचा डबा घेऊन आली होती.

आता सकाळी बटण दाबलं की दोन नावं येतात,
एकाखाली एक,
आणि तळाशी दहा, नऊ, आठ.
काहीच केलं नाही तर वरची उघडते.
आपोआप.

"हर्षाली, दहा कमी पडतात. साठ कर."
"मिनिटभर नुसती बघत बसशील? कंटाळशील आत्या."

निबंधकाच्या टेबलापाशी माझ्यामागे रांग होती,
कारकुनानं शाईचा पॅड आधीच पुढे सरकवलेला,
दादूस बाहेर गाडी चालू ठेवून.

"कंटाळेन," म्हटलं. "तू कर साठ."